बिनानावाची कढई

सकपाळबाई मला पहिल्यांदा दिसल्या त्या माझ्याच घरात, माझ्याच भिंतीला कान लावून उभ्या असलेल्या. अठ्ठ्याऐंशी साल. आम्ही भाईंदर पूर्वेला, नवघरच्या बाजूला, एका नव्या बिल्डिंगमध्ये राहायला आलो होतो. टेम्पोतलं सामान वर चढत होतं, दार सताड उघडं होतं आणि स्टोव्ह कुठल्या पोत्यात भरलाय ते मी शोधत होते. मागे टकटक ऐकू आली म्हणून वळून बघितलं, तर एक उंच, सडपातळ बाई बोटाच्या पेराने भिंत वाजवत खिडकीपासून दाराकडे सरकत होत्या.

"इथं पोकळ आहे," त्या म्हणाल्या. "बिल्डरने सिमेंट खाल्लंय. या जागी खिळा मारू नकोस, गिलावा हातात येईल." मग चष्मा नाकावर खाली घेऊन माझ्याकडे बघितलं. "मी समोरची. सकपाळ. दूध कुणाकडून लावलंस?"

मी लातूरकडची, नवी नवरी, कुणी दोन शब्द गोड बोललं की भुलणारी. मला वाटलं, काय काळजी घेणारी शेजारीण मिळाली. ती काळजी नव्हती, तपासणी होती, आणि त्या तपासणीत मीही होते हे मला बऱ्याच उशिरा कळलं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला वाटीभर साखर उसनी दिली. मी परत केली तेव्हा त्यांनी ती वाटी डोळ्यांच्या रेषेत धरून काठ न्याहाळला. आईच्या सवयीने मी काठाच्या वर शीग लावून दिली होती, म्हणून पास झाले.

त्या ठाण्याला वजनमापं तपासणाऱ्या सरकारी ऑफिसात होत्या. आतून कोरून हलकी केलेली वजनं, तळाला मेण थापलेली लिटरची मापं, असला माल त्यांच्या टेबलावरून जायचा. माणूस रोज हेच बघणार असेल तर घरी येऊन जगावर विश्वास कसा ठेवणार, अशी मी स्वतःची समजूत घालत असे. पण त्यांचे यजमान, सकपाळ भाऊजी, जे वर्षातून चार वाक्यं बोलत, ते एकदा हळूच म्हणाले, "ऑफिसचा काही संबंध नाही हो. आमच्या लग्नात गळ्यात हार पडायच्या आधी हिने त्याचा दोरा ओढून बघितला होता."

नारळ आणि माठ सगळेच वाजवून घेतात. सकपाळबाई गॅसचा सिलिंडर वाजवत, दुकानातली खुर्ची वाजवत, दवाखान्यातलं टेबलसुद्धा. "आधी वाजवून बघू," हे त्यांचं पालुपद. मी एकदा चेष्टेने विचारलं, "आणि माणूस कसा वाजवायचा हो?" त्या अजिबात हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तोच प्रश्न आठ दिवसांनी परत विचारायचा. उत्तर बदललं की समज चीर आहे."

मी घरी येऊन आठवायला लागले, सकपाळबाईंनी मला कुठला प्रश्न दोनदा विचारला होता का. विचारला होता. माझ्या नवऱ्याचा पगार.

उन्हाळ्यात आमच्याकडे टँकर यायचा. अख्ख्या भाईंदरचीच ती तऱ्हा होती, त्यात नवल नाही. नवल हे की सकपाळबाई साडी खोचून, हातात वेळूची काठी घेऊन, टँकरच्या मागच्या शिडीने वर चढत आणि झाकण उघडून पाण्याची खोली बघत. ड्रायव्हर बोंबलायचा, "मौसी, गिर जाओगी!" वरून उत्तर यायचं, "मैं गिरी तो चलेगा, पानी कम आया तो नहीं चलेगा." एकदा टँकर काठोकाठ भरलेला निघाला. आम्ही खाली बादल्या घेऊन उभ्या होतो, आम्हाला आनंद झाला. त्या मात्र उतरल्या त्या विचारात पडून. "आज भरलेला आहे," त्या म्हणाल्या, "म्हणजे मी बघते हे त्याला कळलंय. उद्यापासून दुसऱ्या बिल्डिंगला कमी देईल." अशा बाईचं समाधान कोण करणार.

त्याच सुमाराला न चिकटणारे काळे तवे निघाले. टाय लावलेला एक मुलगा आमच्या जिन्याखाली टेबल मांडून तेलाशिवाय ऑम्लेट करून दाखवायचा. बायका तोंडात बोट घालून बघत होत्या. सकपाळबाई घरातून आपलं उलथनं घेऊन आल्या.

"ये काला क्या है?"

"कोटिंग है, आंटी."

"निकलता है?"

"नहीं निकलता, आंटी. खाली लकडी का चम्मच यूज करना."

त्यांनी उलथन्याच्या कोपऱ्याने एक लांब ओरखडा काढला आणि उलथन्याला लागलेला काळा भुगा बोटावर घेऊन त्या मुलाच्या नाकासमोर धरला. "हा कुठं गेला असता?" त्या आमच्याकडे वळल्या. "भांड्याने मला जपायचं का मी भांड्याला? लाकडाचा चमचा म्हणे." त्या दिवशी आमच्या बिल्डिंगमध्ये एकही तवा खपला नाही. मुलाचा चेहरा मला अजून आठवतो, त्याची काही चूक नव्हती.

स्वयंपाकाला खरं भांडं एकच, बिडाचं, असं त्यांचं मत होतं. बीड म्हणजे ओतीव लोखंड. पत्र्याचं ठोकून केलेलं लोखंड वेगळं, ते भरकन तापतं आणि भरकन निवतं. बीड उशिरा तापतं, पण तापल्यावर धरून ठेवतं. चिपळूणकडच्या त्यांच्या माहेरी घावणे बिडाच्या तव्याशिवाय होत नसत. "बीड फसवत नाही," त्या म्हणत. "फसवतो तो विकणारा."

या सगळ्या संशयाच्या कारभाराबाहेर एकच माणूस होतं. पहिल्या मजल्यावरच्या रेजिनाबाई. त्या पालीच्या, म्हणजे उत्तनजवळच्या त्या कोळीवाड्यातल्या ख्रिश्चन. एका खासगी दवाखान्यात नर्स होत्या, नवऱ्याची कंपनी अंधेरीला म्हणून गाव सोडून स्टेशनजवळ राहत होत्या. बुटक्या, गोल, सावकाश चालणाऱ्या आणि कमी बोलणाऱ्या. सकपाळबाईंना एकदा टायफॉइड झाला तेव्हा रेजिनाबाई रोज वर येऊन इंजेक्शन देत. कुठलं इंजेक्शन ते सकपाळबाईंनी विचारून घेतलं आणि आठ दिवसांनी परत विचारलं. रेजिनाबाई सुई भरता भरता म्हणाल्या, "तेच हाय. आणि तू माला परीक्षेला बसवलंय ते पन माला कळतंय गो."

झालं, तिथून दोघींची गट्टी जमली. सकपाळबाईंच्या स्वयंपाकघरात दुसरं कुणी पाय टाकलेलं त्यांना खपायचं नाही, रेजिनाबाई मात्र सरळ जाऊन डबे उघडत. बाजारात सकपाळबाई आपली पर्स रेजिनाबाईंच्या हातात देऊन कोथिंबीर निवडत. मी एकदा म्हटलं, "तुम्ही त्यांना कधी तपासत नाही?" त्या म्हणाल्या, "ती रेजिना आहे." एवढंच. मला जरा हेवाच वाटला, खोटं कशाला बोलू.

नव्वद-एक्याण्णवच्या सुमाराला सकपाळबाईंनी मोठी बिडाची कढई घ्यायचं ठरवलं. मलाही एक तवा हवा होता. आम्ही तिघी एसटीने घोडबंदर रोडवरून ठाण्याला गेलो. स्टेशनजवळच्या बाजारात एक जण फुटपाथवर गोणपाट अंथरून कढया आणि तवे विकायला बसलेला असे. सकपाळबाईंनी त्याच्यासमोर फतकल मारली आणि शाळा सुरू झाली.

प्रत्येक कढई त्यांनी एका हाताने कान धरून अधांतरी उचलली आणि दुसऱ्या हातातल्या रुपयाने वाजवली. टण्ण असा लांब आवाज आला तर ठीक, थप्प आवाज आला तर आत चीर, बाजूला. मग पालथी घालून फरशीवर डुगडुगते का ते बघितलं. मग आतून रुमाल फिरवला. रुमाल कुठं अडकला की तिथं खरखरीत, तिथं पीठ धरणार, बाजूला. मग केसातली पिन काढली. ओतताना हवा राहिली की बिडात बारीक छिद्रं पडतात आणि विकणारे ती मेण आणि काजळीने बुजवतात. पिनेने त्यांनी दोन कढयांमधून असलं काळं मेण उकरून काढलं आणि दुकानदाराच्या तळहातावर ठेवलं. तो बिचारा म्हणाला, "बाई, कढई घेताय का सून पसंत करताय?"

"सुनेला परत पाठवता येतं," सकपाळबाई म्हणाल्या. "ही जन्माची."

शेवटी एक मनासारखी मिळाली. बिडाची भांडी वजनावर विकतात. दुकानदाराने दोरीला धरायचा तराजू काढला आणि सकपाळबाईंनी हात वर केला. आता त्या बाजारात नव्हत्या, ऑफिसात होत्या. त्यांनी त्याची सगळी वजनं उलटी करून खालचा सरकारी शिक्का बघितला, एकेक नखाने खरवडलं, तळहातावर तोललं. दोन वजनं बाजूला काढून म्हणाल्या, "ही नाही चालणार." मग उरलेल्या वजनांनी कढई तोलली. साडेचार किलो भरली. मी त्यांचा चेहरा बघत होते. इतका खुललेला चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता.

परत येताना कढई त्यांच्या मांडीवर होती. चेणे गेलं, काशीगाव आलं, त्या आपल्या बोलतच होत्या. "आज बाजाराला हरवलं गं. एवढी वर्षं नोकरी केली त्याचं चीज झालं." पलीकडे खिडकीशी बसलेल्या रेजिनाबाई बाहेर बघत म्हणाल्या, "हां गो. हरवलंस."

घरी आल्यावर कढईचं बाळंतपण सुरू झालं. तीन दिवस ती भाताच्या पेजेत बुडवून ठेवली. मग धुऊन, कोरडी करून, तेल लावून मंद आचेवर तापवली. कांद्याची सालं आणि खोबऱ्याचे तुकडे तेलात परतून फेकून दिले, तेही कितीदा तरी. साबण तिला आयुष्यात लागला नाही. वर्षभरात ती आतून काळी कुळकुळीत झाली, वडा टाकला की आपोआप सुटून वर येई. सकपाळबाईंना एकच गोष्ट खटकायची. त्यांच्या घरातल्या प्रत्येक चमच्यावर, पेल्यावर, झाकणावर 'प्र. बा. सकपाळ' असं नाव घातलेलं होतं. बिडावर नाव घालता येत नाही, ठोकलं की तडकतं. सगळ्या घरात तेवढं एकच भांडं बिनानावाचं होतं.

त्र्याण्णव की चौऱ्याण्णव साली रेजिनाबाईंच्या मुलीचं लग्न पालीला ठरलं. त्यांच्यात लग्नाला फुगे तळतात, मैद्याच्या आंबवलेल्या पिठाचे गोळे, अंडं घातलेले, दोन-दोन दिवस नुसती तळणी चालते. रेजिनाबाई कढई मागायला आल्या. सकपाळबाईंनी ती आजवर कुणाला हात लावू दिली नव्हती, पण त्या क्षणभरही थांबल्या नाहीत. स्वतः कापडात बांधून खाली नेऊन दिली. लग्नालाही आम्ही गेलो, फुगे खाल्ले, नाच बघितला, सकपाळबाईंनी चक्क डोक्यात फुलं माळली होती.

आठ दिवसांनी कढई परत आली. मी तेव्हा सकपाळबाईंकडेच होते. रिकामं भांडं परत द्यायचं नाही म्हणून रेजिनाबाईंनी ती फुग्यांनी भरून आणली होती. सकपाळबाईंनी फुगे परातीत काढले, आणि कढई हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या.

कढई राखाडी होती. आतून बाहेरून, कोऱ्या बिडाचा असतो तसा फिकट राखाडी रंग, आणि तळाला गंजाचे लालसर ठिपके. ती काळी चमक नावालाही नव्हती.

"ही कुणाची?" सकपाळबाई म्हणाल्या.

"तुझीच. कुनाची असनार?" रेजिनाबाई हसत म्हणाल्या. "पिठाचा थर बसलावता, करपून. माझ्या मावश्यांनी दोन दीस सोड्यात उकळवली, वाळूनं घासली, चिंच लावली. लोकांचं भांडं हाय, घेतलं त्याच्यापेक्षा साफ करून द्यायचं, आमच्याकडं तशी रीत हाय. मी होते कुठं तेवा, मी पाहुण्यांत."

तशी रीत लातूरलाही आहे, चिपळूणलाही. उसनं आणलेलं भांडं घासून लख्ख करूनच परत करतात. पालीच्या त्या मावश्यांनी मनापासून चांगुलपणा केला होता, आणि बिडाच्या कढईला नेमका तोच सोसत नाही. हे आज मी शांतपणे लिहिते आहे. त्या दिवशी मलाही वाटून गेलं की मांडवात चार घरच्या कढया आल्या असतील, नाव तर हिच्यावर नव्हतं.

रेजिनाबाई गेल्यावर सकपाळबाईंनी रुपया काढला आणि कढई वाजवली. टण्ण. पण तशी तर कुठलीही चांगली कढई वाजते. त्यांनी कढई पिशवीत घातली, मला म्हणाल्या, "चल," आणि आम्ही कोपऱ्यावरच्या हरीशभाईंच्या दुकानात गेलो. हरीशभाई कच्छी, आमचे वाणी. आम्ही राहायला आल्यापासून मी ऐकत होते की हरीशभाईंचा काटा चोर आहे, माल असतो त्यापेक्षा जास्त दाखवतो. हरीशभाईही हे ऐकत होते आणि निमूट आणखी चार दाणे टाकत होते.

"याचं वजन करा," सकपाळबाई म्हणाल्या.

कढई चार किलोलाही थोडी कमी भरली.

"बघितलंस?" त्या माझ्याकडे वळल्या. "याचा काटा जास्त दाखवतो. तरी एवढी कमी. म्हणजे खरं वजन आणखी कमी असणार. काळा थर निघाला म्हणून अर्धा किलो जात नाही. ही माझी कढई नाही."

हरीशभाईंनी कढई उतरवून ठेवली. "बेन, एक बात पूछूं? जब ली थी, तब किसने तोली?"

"फुटपाथवाल्याने. मी समोर उभी होते. एकेक शिक्का तपासला मी."

"इतने साल से मैं आपके लिए चोर. भाजीवाला चोर, टँकरवाला चोर. और वो फुटपाथवाला एक ही साहूकार निकला?"

सकपाळबाईंना ते लागलं. चेहरा उतरला आणि मला वाटलं, आता कळलं त्यांना. पण त्यात मेख अशी होती की हरीशभाईंचं खरं मानायचं तर त्यांना स्वतःला फसलेलं मानावं लागलं असतं, तेही वजनात, स्वतःच्या खात्यात, एकेक शिक्का खरवडून बघितल्यावर. आणि ते मानायचं नाही तर रेजिनाबाई खोट्या. दोन्हीपैकी एक सोडायचं होतं. त्यांनी कढई पिशवीत घातली आणि ताठ मानेने पहिल्या मजल्यावर गेल्या.

दारातच बोलणं झालं. सकपाळबाई सांगत होत्या, "साडेचार किलोची होती, ही चारचीही नाही. मांडवात बदलली गेली असेल. तू मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. पण नुसतं 'तुझीच आहे' म्हणून चालत नाही, रेजिना." रेजिनाबाईंनी एकदा कढईकडे बघितलं, एकदा त्यांच्याकडे. काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. "बरं," एवढंच म्हणून त्यांनी दार लावलं. आपटलं नाही, हळूच लावलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

त्यानंतर जे झालं ते मला आवडलेलं नाही. सकपाळबाईंनी कुणाला काही सांगितलं नाही, पण बिल्डिंगला सांगावं लागत नाही. रेजिनाबाई पाण्याच्या रांगेत उभ्या राहिल्या की कुणीतरी आपली बादली जवळ ओढी. कुणाचा चमचा सापडेना झाला की पहिल्या मजल्याचं नाव निघे. सकपाळबाईंच्या संशयाला आम्ही इतकी वर्षं हसत होतो, आता तो सगळ्यांना साथीसारखा लागला. वर्षाच्या आत रेजिनाबाई घर भाड्याने देऊन पालीला निघून गेल्या. सामान जात होतं तेव्हा सकपाळबाई घरातच होत्या, दार बंद करून. मी सांगायला गेले तर म्हणाल्या, "माझं डोकं दुखतंय." आठ दिवसांनी मी परत त्यांना विचारलं, त्या दिवशी खरंच डोकं दुखत होतं का. त्या म्हणाल्या, "कुठल्या दिवशी?"

कढई माळ्यावर गेली. सकपाळबाई कमी बोलायला लागल्या. टँकरवर चढणं सुटलं. भाजीवाल्याने कमी दिलं तरी घेऊन येत. लोकांना वाटलं, वय झालं.

शहाण्णवच्या बुद्धपौर्णिमेला विहारात जेवण होतं आणि सकपाळबाईंकडे वडे तळायचं काम आलं. मोठी कढई दुसरी नव्हती. आदल्या दिवशी भाऊजींनी न विचारता माळ्यावरची खाली काढली. सकपाळबाईंनी तोंड वाकडं केलं, पण पेज, तेल, कांदा सगळं घाईघाईने एका दिवसात परत केलं तिचं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मदतीला गेले. पहिले दोन घाणे चिकटले, फाटले. मग कढई हळूहळू वळणावर आली. मी वडे थापत होते, त्या तळत होत्या. तळता तळता त्या थांबल्या. सांडशीने कढई अर्धी फिरवली. पुन्हा वडे सोडले. पुन्हा फिरवली.

"काय झालं?"

"या कानाखालचा वडा उशिरा लाल होतोय," त्या म्हणाल्या. "बाकीचे झाले तरी हा पांढरा. फिरवली तरी तोच कान."

मला कळेना. त्यांनी गॅस बंद केला. "तिथं बीड जरा जाड ओतलं गेलंय. विकत घेतली तेव्हापासून आहे ते. एवढी वर्षं सवयीने त्या जागेवर मी वडा टाकतच नव्हते, म्हणून विसरले होते." आणि पाटावर बसून राहिल्या. तेल निवत होतं, विहारात माणसं वाट बघत होती. मग म्हणाल्या, "माझीच आहे गं ही." त्यांना रडताना मी तेवढं एकदाच पाहिलं.

पुढच्या रविवारी आम्ही दोघी पालीला गेलो. कढई पिशवीत. उत्तनच्या बसमधून उतरून त्या अरुंद गल्लीत शिरलो. गल्लीत स्कूटर आली की भिंतीला चिकटून उभं राहावं लागत होतं. रेजिनाबाई घराच्या ओट्यावर बसून सुके बोंबील निवडत होत्या. आम्हाला बघून उठल्या नाहीत. या म्हणाल्या नाहीत, जा म्हणाल्या नाहीत.

सकपाळबाई ओट्याच्या कडेला बसल्या आणि कढई पिशवीतून काढून मध्ये ठेवली.

"रेजिना," त्या म्हणाल्या, "ही माझीच आहे. वजनात मला त्या फुटपाथवाल्याने फसवलं. मी फसले आणि चोर तुला ठरवलं."

रेजिनाबाईंनी हातातला बोंबील सुपात टाकला. "ठावं हाय माला."

"काय ठाऊक आहे?"

"त्यानं फशिवलं ते. तू वजनं उलटी करून बघत होतीस. मी त्याचा हात बघत होते. करंगळी दांडीवर दाबून धरलीवती त्यानं, कढईच्या बाजूला."

सकपाळबाईंचं तोंड उघडं राहिलं. माझंही राहिलं असणार. "मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"तू किती खुशीत होतीस त्या दिशी. कशाला बोलू?"

"आणि नंतर? मी दारात आले तेव्हा? एका शब्दात सुटली असतीस तू."

"तू इचारलंस कुठं? तू सांगाया आलेलीस." रेजिनाबाई पहिल्यांदाच त्यांच्याकडे सरळ बघत होत्या. "माला कढईचं काय न्हाय गो वाटलं. लोकं बादल्या ओढायची त्याचं पन न्हाय. सगळी दुनिया तुझ्या लेखी चोर. तेवढी मी एक न्हाय, असं माला वाटायचं. माझं तेवढंच गेलं."

मला तिथं बसवेना, बसची वेळ झाली असं काहीतरी पुटपुटत मी उठले. सकपाळबाई उठल्या नाहीत. "तू हो पुढं," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या. "तिनं मला अजून जा म्हटलेलं नाही."

पुढे वर्षभरात भाऊजी आणि सकपाळबाई दोघंही रिटायर झाली आणि चिपळूणला गेली. निरोपाच्या वेळी मी माहेरी होते, त्यामुळे सकपाळबाई मनात राहिल्या त्या त्या रविवारच्याच. गल्लीच्या वळणावरून मी मागे बघितलं होतं. रेजिनाबाईंनी सूप दोघींच्या मध्ये सरकवलं होतं आणि सकपाळबाई खाली मान घालून बोंबील निवडत होत्या. मध्ये ठेवलेली कढई आता सरकून ओट्याच्या पार कडेला, रस्त्यावर पडली होती म्हटलं तरी चालेल. पोरं जात होती, स्कूटरी जात होत्या, कुणीही उचलून नेली असती. सकपाळबाईंनी तिच्याकडे एकदाही वळून बघितलं नाही.